तिसरा सीझन वगळा म्हणता, पण का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या परदेशी सिरीयल डिस्कवर जमवणाऱ्यांसाठी लेख आला होता, छान होता, कात्रण ठेवलंय मी. पण त्यात १९६६ च्या बॅटमॅन सिरीयलबद्दल लिहिताना लेखकाने जाता जाता सल्ला देऊन टाकला की पहिले दोन सीझन घ्या, तिसरा पैसे संपल्यावर कसाबसा उरकलेला आहे, तो नाही घेतला तरी काही बिघडत नाही. दीड ओळ असेल फार तर. त्या दीड ओळीवर हिने एवढं पुराण लावलंय म्हणजे हिला कामधंदा नाही असं वाटेल, वाटू दे, पण तिसरा सीझन हाच माझा सगळ्यात लाडका सीझन आहे आणि त्याला कोणी असं उडवून लावलं की मला गप्प बसवत नाही.

ज्यांना बॅटमॅन म्हटलं की काळोख, पाऊस आणि घोगरा आवाज एवढंच आठवतं त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. हा बॅटमॅन तो नव्हे. हा अ‍ॅडम वेस्टचा बॅटमॅन, पोट किंचित सुटलेला, अत्यंत सभ्य, गाडी सुरू करायच्या आधी आपल्या तरुण साथीदाराला, रॉबिनला, सीटबेल्ट लाव म्हणणारा. १२ जानेवारी १९६६ ला अमेरिकेत एबीसी चॅनलवर सुरू झाला आणि १४ मार्च १९६८ ला संपला, एकूण १२० एपिसोड, तीन सीझन. व्हिलनच्या अड्ड्यावर कॅमेरा कायम तिरका, कारण ही माणसंच वाकडी. मारामारी सुरू झाली की पडद्यावर रंगीत अक्षरांत पाऽव, झॅप, बोंक. आमच्याकडे केबल आलं तेव्हा मी हे पहिल्यांदा बघितलं आणि आमचे वडील, जे टीव्हीवर बातम्या सोडून काही बघायचे नाहीत, ते पेपर बाजूला ठेवून हसत होते, कारण हे विनोदी आहे हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं, आम्ही पोरं सगळं खरं समजून जीव मुठीत धरून बसलेलो.

आता घरी डिस्कवर यायला एवढा उशीर का झाला तेही लेखात यायला हवं होतं असं मला वाटतं, नुसतं दुर्मिळ म्हणून सोडून दिलंय. सिरीयल काढली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने आणि निर्माता विल्यम डोझियरच्या कंपनीने (मध्ये मध्ये जो निवेदक तार स्वरात बोलतो ना, आता आपल्या हिरोचं काय होणार वगैरे, तो आवाज पण ह्या डोझियरचाच), आणि बॅटमॅन हे पात्र मात्र डीसी कॉमिक्सचं, म्हणजे पुढे वॉर्नर ब्रदर्स ह्या दुसऱ्या कंपनीच्या घरचं. दोन मोठ्या कंपन्या, मध्ये हक्कांचा गुंता, आणि ह्यांच्या भांडणात प्रेक्षक उपाशी. १९६६ चा जो सिनेमा त्याच कलाकारांना घेऊन काढला होता तो मिळायचा, व्हीएचएसवर मिळायचा, डीव्हीडीवर पण मिळायचा, पण सिरीयल मात्र नाही. टीव्हीवरून कोणीतरी रेकॉर्ड केलेल्या, जाहिरातींसाठी कापलेल्या, रंग उडालेल्या कॉप्या लोक एकमेकांना द्यायचे. शेवटी २०१४ च्या जानेवारीत कॉनन ओब्रायन ह्या टॉक शो वाल्याने ट्विटरवर बातमी फोडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिन्ही सीझनचा बॉक्ससेट आला, डीव्हीडी आणि ब्लू-रे दोन्ही. ब्लू-रेच्या खास सेटमध्ये छोटी बॅटमोबिल गाडी पण होती. सिरीयल संपल्यापासून ४६ वर्षांनी! माझ्याकडे जो आहे तो धाकट्या दिरांनी न्यू जर्सीहून येताना बॅगेत कपड्यांच्या घडीत घालून आणला, जाऊबाई म्हणाल्या मसाल्याचे डबे परत आणायला जागा नाही आणि हे बरं मावतं.

तर तिसरा सीझन. तो घाईत आणि कडकीत झाला हे लेखकाचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, त्याबद्दल माझा वादच नाही. पहिल्या दोन सीझनला आठवड्यातून दोनदा यायचा, बुधवारी बॅटमॅन-रॉबिन उकळत्या कढईवर टांगलेले असायचे किंवा करवतीकडे सरकत असायचे आणि उद्या याच वेळी याच चॅनलवर या असं सांगून एपिसोड बंद, मग गुरुवारी सुटका. पहिल्या वर्षी वेड लागलं होतं अमेरिकेला, दुसऱ्या वर्षी तब्बल ६० एपिसोड काढले आणि लोकांना अजीर्ण झालं, रेटिंग घसरलं. तिसऱ्या वर्षी चॅनलने सांगितलं आता फक्त गुरुवार, अर्धा तास, त्यातच काय ती गोष्ट संपवा. २६ एपिसोड. बुधवार गेला म्हणजे टांगलेला बॅटमॅन गेला, म्हणजे रात्रभर जीव टांगणीला लागायचा तो प्रकारच बहुतेक गेला, त्याऐवजी शेवटी पुढच्या आठवड्याचा व्हिलन येऊन तोंड दाखवून जातो. रॉबिनच्या हॅरिएट काकू झालेल्या मॅज ब्लेक आजारी होत्या म्हणून त्या सबंध सीझनमध्ये फक्त दोन एपिसोडमध्ये दिसतात.

आणि सेट! हे ब्लू-रेवर बघावं असं आहे खरंच. व्हिलनचा अड्डा म्हणजे मागे सगळा काळा पडदा, त्यापुढे अधांतरी एक दार, एक खिडकीची चौकट, एक खांब, एक रंगीत टेबल, बस. भिंतीच नाहीत. दाराला दोन्ही बाजूंनी काही नाही तरी गुंड शिस्तीत दार उघडून आत येतात. टीव्हीच्या जुन्या डब्यावर हे काळं काळं दिसायचं आणि आपल्याला वाटायचं अड्डा अंधारात आहे. आता स्वच्छ प्रिंटमध्ये कळतं की अहो इथे काहीच नाहीये. सिरीयल ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर शूट झालेली, त्यामुळे साफ केल्यावर रंग असे काही उजळलेत की रॉबिनच्या पिवळ्या केपकडे बघवत नाही. आणि त्याच स्वच्छपणामुळे सीझर रोमेरोने केलेल्या जोकर ह्या व्हिलनच्या पांढऱ्या मेकअपखाली त्याची मिशी दिसते! त्याने मिशी काढायला साफ नकार दिला होता, मग वरूनच रंग थापला, तो थर ओठावर कसा फुगलाय ते पॉज करून बघा. मारामारीत बॅटमॅनच्या जागी दुसराच कोणीतरी माणूस उड्या मारतोय हे पण आता लपत नाही. ती रंगीत अक्षरं पण बघा, पहिल्या सीझनमध्ये मारामारीच्या चित्रावरच यायची, पुढे तसं करायला पैसे लागतात म्हणून एकरंगी कार्ड मध्येच दाखवायला लागले, एक गुद्दा, एक कार्ड, एक गुद्दा, एक कार्ड. काटकसर म्हणजे काय हे बघायचं तर इथे बघा. एका एपिसोडमध्ये तर डॉक्टर कॅसँड्रा म्हणून व्हिलन आहे, आयडा ल्युपिनो झालीय ती, तिच्याकडे अदृश्य व्हायच्या गोळ्या आहेत, मग बॅटमॅन म्हणतो आपण दिवेच घालवू म्हणजे दोघांनाही दिसणार नाही, आणि मारामारी अंधारात! पडद्यावर नुसता काळोख आणि आवाज. मी हसून हसून लोळले. ज्याने कोणी हे सुचवलं असेल त्याचे पाय धरावेसे वाटतात, पैसे नाहीत ना, मग पैसे नसल्याचीच गंमत करून टाकली.

पण तिसऱ्या सीझनचं खरं नाव बॅटगर्ल. आणि लेखात तिचा उल्लेख फक्त नावापुरता, तेही रेटिंगसाठी आणलेली बाई अशा सुरात. रेटिंगसाठीच आणली होती, मान्य, कशासाठी आणतात मग कोणालाही? १९६७ मध्ये डोझियरने चॅनलला पटवायला एक सातआठ मिनिटांची छोटी फिल्म केली, त्यात किलर मॉथ नावाचा व्हिलन आणि इव्हॉन क्रेग बॅटगर्ल. ती फिल्म बॉक्ससेटच्या एक्स्ट्रात आहे, जरूर बघा, त्यात सगळे कसे जीव ओतून काम करतायत ते दिसतं, नोकरी वाचवायची होती ना. इकडे कॉमिकमध्ये पण तिला आणलं, जानेवारी १९६७ च्या डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या ३५९ व्या अंकात, तीही टीव्हीवाल्यांना हवी होती म्हणून. मग १४ सप्टेंबर १९६७ ला तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये ती आली.

आणि ती कोण आहे तर ग्रंथपाल! पोलीस कमिशनर गॉर्डन यांची मुलगी बार्बरा, बॅटमॅनच्याच गॉथम शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी करते. आता मी स्वतः एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात गेली कित्येक वर्षं आहे, त्यामुळे हे मला किती लागलं असेल विचार करा. टीव्हीवर ग्रंथपाल बाई म्हणजे चष्मा, अंबाडा आणि शूऽऽ, यापलीकडे काही दाखवलं असेल तर सांगा. आणि इथे ही घरी जाते, भिंत फिरवते, मागे छुपी खोली, केसांवर लाल विग, जांभळा ड्रेस, पिवळ्या अस्तराची केप, मालाच्या लिफ्टने खाली उतरायचं आणि यामाहा मोटारसायकलवर बसून निघायचं. मोटारसायकलला पण झालर लावलीय पांढरी, ते जरा अतीच झालंय, पण असू दे. तिचं हे गुपित बॅटमॅनला माहीत नाही, रॉबिनला माहीत नाही, तिच्या बापाला माहीत नाही, बॅटमॅनच्या घरचा नोकर आल्फ्रेड, त्या एकट्याला माहीत आहे आणि आल्फ्रेडला बॅटमॅनचंही माहीत आहे, म्हणजे अख्ख्या गॉथममध्ये दोन्हीकडची खबर असलेला एकच माणूस आणि तो चहा आणून देतोय. पूर्ण सीझनभर तो तोंडातून अक्षर काढत नाही. बाय द वे आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदासुद्धा १९६७ चाच. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण आमच्या संस्थेच्या अनुदानाचा कागद भरताना तो कायदा समोर आला की मला हटकून बार्बराची मोटारसायकल आठवते.

इव्हॉन क्रेग मूळची बॅले नर्तकी, बॅले रूस द मॉन्टे कार्लो ह्या नावाजलेल्या मंडळीत नाचलेली. हे कामात दिसतं. बॅटगर्लने ठोसा मारायचा नाही असं ठरवलेलं होतं, मुलीने मारामारी केलेली बरी दिसत नाही म्हणून, मग ती काय करते तर पाय उचलते. नाचल्यासारखी गिरकी घेऊन लाथ, सरळ गुंडाच्या हनुवटीवर, आणि परत पाय जमिनीवर येताना पंजा कसा सरळ ताणलेला असतो ते बघा, वर्षानुवर्षं बॅलेच्या सरावाच्या दांड्याला धरून घाम गाळल्याशिवाय ते येत नाही. बॅटमॅन आणि रॉबिन तिच्या बाजूला पोती आपटल्यासारखे मारामारी करतात. ठोसा मारू नको म्हणणाऱ्यांना वाटलं असेल तिला कमी काम दिलं, प्रत्यक्षात तिची मारामारी तिघांत बघण्यासारखी झाली. आणि पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या कामगार खात्याने समान वेतनाच्या कायद्याची छोटीशी जाहिरात केली त्यात परत तीच, बॅटमॅन आणि रॉबिन बांधलेले, बाजूला बॉम्ब टिकटिक करतोय आणि ही येऊन म्हणते मला रॉबिनपेक्षा कमी पगार मिळतो, आधी त्याचं बोला. (त्यात बॅटमॅन अ‍ॅडम वेस्ट नाही, डिक गॉटियर म्हणून दुसरा नट आहे, रॉबिन मात्र बर्ट वॉर्डच.) ही जाहिरात आजही बघितली तरी जुनी वाटत नाही हे चांगलं की वाईट ते तुम्हीच ठरवा.

आता कॅटवुमन. इथे जरा तक्रार करते, लेखासोबत जो फोटो छापलाय तो ज्युली न्यूमारचा आहे आणि खाली तिसरा सीझन असं लिहिलंय. न्यूमार पहिल्या दोन सीझनमध्ये होती, तिसऱ्यात नव्हती, कारण ती तेव्हा मॅकेनाज गोल्डमध्ये अडकली होती. हो, तोच मॅकेनाज गोल्ड जो आपल्याकडे थिएटरला वर्षानुवर्षं परत परत लागायचा, आणि त्यातली ती न बोलणारी अपाची बाई, जी पाण्यात उतरते ते सेन्सॉरने किती कापलं यावर आमचे काका लोक तासंतास चर्चा करायचे, ती हीच न्यूमार. म्हणजे आपल्या मागच्या पिढीला कॅटवुमन माहीत नव्हती पण न्यूमार चांगलीच माहीत होती!

तिच्या जागी आली अर्था किट. काळी गायिका, नर्तकी, अंगाने बारीक, आवाज असा की शब्दातला र आला की तो तसाच दोन सेकंद घशात घोळवत ठेवायची. न्यूमारची कॅटवुमन बॅटमॅनवर लाइन मारायची, त्याला पण घाम फुटायचा, तो एक मजेचा भाग होता. किट आल्यावर ते एकदम बंद. का बंद ते काही कोणी स्पष्ट सांगायला नको, वेगवेगळ्या वंशांच्या लोकांनी लग्न करायला बंदी घालणारे कायदे तिथल्या सुप्रीम कोर्टाने रद्द केले ते त्याच वर्षी, जून १९६७ मध्ये, तर टीव्हीवर गोऱ्या हिरोने काळ्या बाईकडे बघून लाजावं एवढी तयारी कुठून असणार. पण झालं असं की प्रेमबीम नसल्यामुळे किटची कॅटवुमन जास्त खतरनाक झाली. हिला बॅटमॅन नकोय, हिला फक्त गॉथम पाहिजे. १४ डिसेंबर १९६७ चा तिचा पहिला एपिसोड बघा, शहरातल्या उत्तम पोशाखाच्या बायकांचा सत्कार आणि जेवण चाललंय, तिथे ही घुसते आणि बॉम्ब टाकते, कशाचा तर सगळ्यांची हेअरस्टाइल बिघडवणारा. मग जोकरबरोबर दोन एपिसोड, डिसेंबर अखेर आणि ४ जानेवारी १९६८.

आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९६८, गुरुवार, खरोखरच्या व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी बायकांना जेवायला बोलावलं होतं, विषय होता तरुण पोरं रस्त्यावर का येतात, गुन्हे का वाढतात. किटला बोलायला सांगितलं आणि तिने तोंडावर सांगितलं की व्हिएतनामच्या लढाईमुळे, आयांच्या पोरांना तिकडे पाठवताय म्हणून. त्यानंतर तिला अमेरिकेत काम मिळेनासं झालं, पुढची अनेक वर्षं ती परदेशातच जास्त गात राहिली. टीव्हीवर खोटा बॉम्ब टाकला तर टाळ्या आणि खऱ्या जेवणात खरं बोलली तर दारं बंद.

आता गंमत ऐका, त्याच १८ जानेवारीच्या गुरुवारी संध्याकाळी एबीसीवर बॅटमॅनचा कुठला एपिसोड लागला होता? नोरा क्लॅव्हिकलचा. ही नोरा बायकांच्या हक्कांसाठी लढणारी, म्हणून अर्थातच व्हिलन. ती महापौरांच्या बायकोला हाताशी धरते, कमिशनर गॉर्डनची खुर्ची बळकावते, पुरुष पोलिसांना घरी पाठवते आणि सगळे पोलीस बायका. आणि मग शहरात चावीवर चालणारे, बॉम्ब भरलेले उंदीर सोडते, कारण उंदीर म्हटल्यावर बायका पोलीस काय करणार, टेबलावर चढणार! खरंच चढतात हो. लेखक लोकांनी हे हसण्यावारी लिहिलं, मला बघताना हसू पण येत होतं आणि कानशील पण तापत होतं, कारण त्याच एपिसोडमध्ये बॅटमॅन, रॉबिन, बॅटगर्ल तिघांच्या हातापायांची एकमेकांत गाठ मारून टाकलेली असते आणि त्यातून सुटका होते ती बॅटगर्लमुळे. म्हणजे बाईला उंदराला घाबरवायचं आणि त्याच अर्ध्या तासात बाईकडूनच सुटका करून घ्यायची. दिवसा व्हाइट हाउसमध्ये काय आणि रात्री टीव्हीवर काय, १९६८ सालचा अमेरिकेचा सगळा गोंधळ ह्या एका गुरुवारात आलाय, आणि हा एपिसोड तुमच्या सल्ल्याप्रमाणे न घेतलेल्या डिस्कवर आहे.

मी काय तिसऱ्या सीझनची आंधळी भक्त नाही. टाकाऊ एपिसोड आहेत, भरपूर आहेत. लंडनची नक्कल म्हणून लोंडिनियम नावाच्या गावात तीन एपिसोड लांबवलेत, स्कॉटलंड यार्डच्या जागी आयर्लंड यार्ड एवढाच काय तो विनोद, बाकी धुकं आणि धूर, मला तीनदा डुलकी लागली. मिल्टन बर्ल ह्या एवढ्या मोठ्या विनोदी नटाला फुलं आवडणारा गुंड केलाय आणि त्याला एक धड वाक्य दिलेलं नाही. जोकर आणि बॅटमॅनची समुद्रात सर्फिंगची शर्यत लागते तो एपिसोड मात्र मी टाकाऊमध्ये धरणार नाही, कारण बॅटमॅन संपूर्ण पोशाखावर, केप-मुखवट्यासकट, वरून हाफ चड्डी घालून लाटेवर उभा आहे, मागे लाटांची फिल्म चाललीय, आणि अ‍ॅडम वेस्टच्या चेहऱ्यावर जी गंभीरता आहे ती गंभीरता मी शपथविधीला पण बघितली नाही. हा माणूस थट्टा करतोय असं एकदाही दाखवत नाही, तिसऱ्या वर्षी, बजेट गेलेलं, लोक गेलेले, तरी नाही. २०१७ मध्ये तो गेला तेव्हा लॉस एंजेलिसच्या सिटी हॉलवर बॅट सिग्नल, म्हणजे बॅटमॅनला बोलवायची ती वटवाघळाच्या आकाराची प्रकाशखूण, टाकला होता, तो ह्या चड्डीवाल्या बॅटमॅनसाठीच होता असं मी समजते.

आता मुद्दा हा की वाईट असेल तर का ठेवायचं. आमच्या वाचनालयात दरवर्षी पुस्तकं बाद करायची यादी होते, फाटलेली, वाळवी लागलेली, कित्येक वर्षं कोणी न नेलेली. पण तीन खंडांच्या संचातला तिसरा खंड कंटाळवाणा आहे म्हणून आम्ही फक्त तोच रद्दीत घालत नाही, घातला तर पहिले दोन पण लंगडे होतात, आणि जो तिसरा मागायला येतो ना तो एकच सभासद खरा वाचणारा असतो. सिरीयलचं पण तसंच. पहिल्या सीझनमधलं वेड कशाने संपलं, पैसे आटल्यावर लोक कसे काम करतात, नवीन पात्र आणून गाडी रुळावर येते का, हे सगळं तिसऱ्यात आहे. ऑनलाइन बघायचं तर आज आहे उद्या नाही, ज्यांच्याकडे हक्क ते कधी काढून घेतील नेम नाही, आणि काढताना पहिलं काय काढतील, जे कोणी बघत नाही ते. डिस्क कपाटात असते, तिला कोणी रात्रीत काढून नेत नाही. बरं हे वाचलं ते फिल्मवर शूट केलं म्हणून. आपल्या दूरदर्शनने सुरुवातीच्या काळात टेप महाग म्हणून जुन्या कार्यक्रमांवरच नवीन रेकॉर्ड केले, बीबीसीसारख्या बीबीसीने पण तेच केलं, तेव्हा कोणीतरी असंच म्हणालं असेल की हे काय ठेवायचंय, हे काही एवढं चांगलं नाही. आज त्यातली एखादी सुमार मुलाखत जरी सापडली तरी आपण पेपरात बातमी छापतो. तुम्हीच छापता!

आणि डिस्क काढणारे पण काही देव नाहीत. बॉक्ससेटच्या पहिल्या लॉटमध्ये काही बारीकसारीक तुकडे राहून गेले होते, जुन्या चाहत्यांनी आपल्या रेकॉर्ड केलेल्या कॉप्यांशी ताडून बघितलं आणि बोंब मारली, मग कंपनीने बदली डिस्क दिल्या. बघा म्हणजे, तीस सेकंद कमी आहेत हे ओळखणारे लोक आहेत आणि तुम्ही सव्वीस एपिसोड सोडा म्हणताय.

शेवट कसा झाला तेही वाईटच. झाझा गाबोर ही नटी मिनर्व्हा नावाची ब्यूटी पार्लरवाली झालीय तो शेवटचा एपिसोड, श्रीमंतांच्या डोक्याला मशीन लावून तिजोरीची गुपितं काढणारी. निरोप वगैरे काही नाही, पुढच्या आठवड्यात या म्हटल्यासारखाच संपतो. त्यानंतर म्हणे एनबीसी हे दुसरं चॅनल सिरीयल पुढे चालवायला तयार झालं होतं, पण तोवर सेट पाडून टाकले होते आणि बॅटकेव्ह, म्हणजे बॅटमॅनची गुहा, परत उभारायचा खर्च ऐकून त्यांनी नाद सोडला. असं सांगतात.

तर विनंती एवढीच की पुढच्या लेखात ज्यांना तिसरा सीझन बघायचाय त्यांच्यासाठी दोन ओळी द्या. सुरुवात पहिल्या एपिसोडपासून करा, पेंग्विन नावाचा व्हिलन बार्बराला पळवून लग्न करायला निघतो तो, आल्फ्रेडला गुपित कळतं तोही तोच. मग अर्था किटचे तीन, मग सर्फिंग, मग नोरा क्लॅव्हिकल, मग अंधारातली मारामारी. लोंडिनियम पावसाळ्यात वीज गेल्यावर बघा म्हणते मी, म्हणजे बघायलाच नको. आणि तो ज्युली न्यूमारचा फोटो बदलून किटचा छापा, तिच्या वाट्याला आधीच कमी आलंय.

आपली,
एक वाचनालयवाली वाचक

ता. क. तिकडून कोणी आणणार असेल तर आधी घरचा प्लेयर बघून घ्या, अमेरिकेतल्या डीव्हीडीचा रीजन, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागात चालेल तो नंबर, १ असतो आणि आपला ५, आपल्या साध्या प्लेयरवर ती बहुतेक लागत नाही. सगळे रीजन चालणारा प्लेयर असेल तरच मागवा, नाहीतर नुसतं खोकं शोकेसमध्ये ठेवावं लागेल. आमच्या नात्यात एकांकडे ठेवलंय तसं, पाहुणे आले की दाखवतात.